हॉलला जांभळा रंग

दादा,

भिंतींना हात लावू नकोस, रंग अजून ओला आहे. वास जावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्यात. दूध तापवलंय.

तूच म्हणालास, "गिऱ्हाईक घर बघायला येणार आहे, रंग तेवढा तू निवड, तुला हौस आहे." मी निवडला. हॉल गडद जांभळा आणि तुझी खोली छतासकट पोपटी. रंगारीकाका सारखे विचारत होते, "ताई, नक्की ना? घर विकायचंय ना?" मी म्हटलं, "तुम्ही लावा हो."

परवा एजंटसमोर तू हसत म्हणालास, "आईचं करायला ही होतीच, हिला दुसरं काम काय होतं?" मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. आईसाठी मी नोकरी सोडली, हे तुझ्या गावीही नव्हतं. रंग तिथंच ठरला.

गिऱ्हाईक दुपारीच येऊन गेलं, नवरा-बायको. बाई हॉलमध्ये आल्या आणि तोंडावर रुमाल धरून हसत सुटल्या. नवरा म्हणाला, "कळवतो." काही कळवत नाहीत ते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आईच्या खोलीला मात्र ब्रश लावू दिला नाही.

मी मावशीकडे चाललेय. घर आपल्या दोघांच्या नावावर आहे, हे तू एजंटला सांगितलंच नव्हतंस. मी सांगितलं. माझी सही हवी असेल तर तिकडे ये आणि त्यालाही घेऊन ये. ते वाक्य तुला त्याच्यासमोरच परत घ्यायचंय.

छोटी