फिकी शाई

लोहपात्रनिर्मातृकुलावतंस अध्यक्ष कुझुमाकी महोदय यांसी, मोरिओका नगरीतील पत्रकार हानेदा याचा सकंप नमस्कार.

परवा मुलाखतीची विनंती करणारे पत्र मी आपणांस स्वहस्ते, कुंचल्याच्या लेखणीने लिहिले. आपण टंकलिखित पत्रे उघडतही नाही, अशी आपली ख्याती. आणि ही मुलाखत न मिळाल्यास संपादक मला निवृत्तीचे सौख्य अकाली बहाल करणार आहेत. लेखणीला दोन टोके होती, एक काळ्या शाईचे, दुसरे फिक्या शाईचे. पत्र टपालात पडल्यावर पत्नीने कच्चा मसुदा पाहिला.

"अगं बाई! ही तर सुतकातली फिकी शाई, मयताच्या पत्रात वापरतात ती, आसवांनी पातळ झाल्यासारखी! जित्या माणसाला धाडलीत?"

"दिवा मंद होता," मी क्षीण स्वरात वदलो.

"दिव्याला कशाला नावं ठेवता?"

 आज हे क्षमापत्र लिहावयास बसलो, तोच आपल्या सचिव बाईंचा दूरध्वनी आला.

"तुमची फिकी शाई पाहून साहेबांनी उद्या बोलावलंय," त्या कुजबुजल्या. "पण हानेदासान, खरं सांगा, त्यांच्या दुखण्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? घरच्यांनासुद्धा अजून माहीत नाही हो."

महोदय, मला कोणीही काहीही सांगितले नव्हते. परंतु हे आता कोणत्या मुखाने कळवू? म्हणून हे पत्र खणातच राहील. उद्या येईन, माझ्या प्रश्नावलीत लोखंडी किटल्यांखेरीज काहीही नाही. ज्या मुलाखतीसाठी तळमळलो, तिचेच आता भय वाटते. आपण शतायुषी व्हावे आणि माझी शाई असत्य ठरावी.

हे मात्र काळ्या टोकाने, तीनदा तपासून लिहिणारा,
आपला भयाकुल
हानेदा