आजार पोटाचा, बोभाटा लिव्हरचा

आबा, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमचा मला अजून राग येतो. जेवल्यावर पोट दुखतंय हे वर्षभर कुणाला सांगितलं नाहीत. विचारलं की, "गॅस झालाय, लय काय न्हाई." शेवटी सदरा अंगावर लोंबायला लागला तेव्हा मी ओढतच तळेगावला नेलं. रक्तात एक आकडा भलताच वर आला. डॉक्टर म्हणाले, हा बहुतेक लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढतो, अजून तपासण्या करू. झालं. 'बहुतेक' आणि तपासण्या दवाखान्यातच राहिल्या, 'लिव्हर' मात्र आमच्या आधी गावात पोचलं. आणि आपल्याकडे लिव्हर म्हणजे दारूच. त्यात तुम्ही तुंगार्लीच्या बंगल्यावर राखणदार. दर सोमवारी पाहुण्यांच्या रिकाम्या बाटल्यांचं पोतं सायकलवरून भंगारात न्यायचात, ते सगळ्यांनी पाहिलेलं. गळ्यातल्या माळेकडे कोण बघतो?

लोकांचं सोडा. आई भाकरी थापत होती, तुम्ही ताटावर होता. तिने वर न बघता विचारलं, "खरं सांगा, बंगल्यावर घेत व्हता का?" एक 'न्हाई' म्हणायला काय जात होतं? तुम्ही ताट सरकवून उठलात. मानी म्हणे.

पुढे दुर्बीण घातली तेव्हा कळलं, मूळ पोटातच आहे, लिव्हरवर नुसता पसरलाय. पोटाचा एखादा कॅन्सरही रक्तातला तोच आकडा वाढवतो, क्वचित, पण वाढवतो. दारूचा काही संबंध नाही. आई तुमचे पाय चेपत म्हणाली, "चुकलं माझं." तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "पंखा बारीक कर." त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही, आणि महिन्याभरात गेलात. तुम्ही सुटलात, आम्ही अडकलो.

आई आता येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगते, "पोटाचा व्हता, पोटाचा." लोक मान हलवतात. मग संध्याकाळी मला विचारते, "मला माफ केलं व्हतं का गं त्यांनी?" मी सांगते, केलं होतं, तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मला म्हणाले. तुम्ही असलं काही म्हणाला नव्हता. परवा ती हटूनच बसली, त्यांच्या शब्दांत सांग. मी म्हटलं, "तिचा काय दोष न्हाई, तिला सांग."  ती म्हणाली, "एवढं लांबलचक बोलायचे व्हय ते?"

आज पुन्हा विचारलंच तिने. मी 'तिला सांग' गाळलं, तेव्हा तिला पटलं.