लायेबल कोण, शिडी की शेठ?

मी, खाली सही करणारा, लोखंडी शिड्या बनवून विकणारा आणि भाड्यानं देणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्यानं माझ्याकडे उधारीवर शिडी मागून पाहावी. अक्षर जावयाचं आहे, कारण तो वकील आहे. वाक्यं माझी आहेत. त्यानं मध्ये घुसडलेले 'सदरहू' मी खोडायला लावले.

१. राहतं घर सामानासकट बायकोला. ते तसंही तिचंच आहे. मी आजवर चपला बाहेर काढून परवानगीनं आत येत आलो.

२. बँकेतली ठेव बायको आणि लेक यांना निम्मी निम्मी. मेहुण्यानं खोली रंगवायला म्हणून नेलेली शिडी त्यालाच. परत मागून माझी जीभ झिजली. शिडी झिजली नसणार, कारण खोली अजून तशीच आहे.

३. आता कारखाना. खरी काळजी इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोरला मुलगा गल्ल्यावर बसायला लागला तेव्हा त्यानं दोन सुधारणा केल्या. पायरीच्या जोडाला वेल्डिंग कमी केलं, म्हणजे माल लवकर निघतो. आणि भिंतीवर इंग्रजी पाटी लावली. पुढे एका रंगाऱ्याच्या पायाखाली पायरी सुटली, पाय मोडला. तो कुबड्या घेऊन आला, तर थोरला खुर्चीतूनच म्हणाला, "वी आर नॉट लायेबल."

रंगारी माझ्याकडे वळला. "बघा शेठ! पाय माझा मोडला, आणि तुमचे चिरंजीव वर मलाच नालायक म्हणतात!"

"अहो काका, नालायक नाही, नॉट लायेबल! म्हणजे आम्ही जबाबदार नाही. पाटीवर लिहिलंय ना."

रंगाऱ्यानं शब्द बरोबर ऐकला होता. फक्त तो कोणाला उद्देशून आहे, एवढ्यातच त्याचा घोटाळा झाला.

मी जावयाला अर्थ विचारला. तो म्हणाला, "मामा, याचे दोन अर्थ. एक, कायद्यानं भरपाईला बांधलेला. दुसरा, जे होण्याचा संभव आहे ते. उदाहरणार्थ, ही शिडी मोडायला लायेबल आहे."

"म्हणजे शिडी लायेबल, आणि शेठ नाही?"

जावयानं आपलं 'उदाहरणार्थ' मागे घेतलं. वकिलाला शब्द मागे घ्यायला लावायची ही माझी पहिलीच वेळ.

रंगाऱ्याच्या दवाखान्याचं मी पाहिलं. लेकीनं अर्थबिर्थ विचारला नाही. तिनं त्या खेपेच्या सगळ्या शिड्या परत मागवल्या आणि हातोडा घेऊन एकेक जोड ठोकत बसली.

४. कारखाना थोरल्याला, पण एका अटीवर. ती भिंतीवरची पाटी उतरेल. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक शिडीवर त्याच्या नावाची पट्टी बसेल: 'जोड सुटला तर मी लायेबल.' हे कबूल असल्याची सही त्यानं आज, माझ्यादेखत, खाली करावी. न केल्यास कारखाना लेकीचा, आणि त्यावर वाद नको.

जावई म्हणाला, "मामा, 'दायित्व' लिहू या का? शुद्ध मराठी आहे."

"नको. पळवाट ज्या भाषेत काढली, त्याच भाषेत बुजवायची."

थोरल्यानं वाचलं आणि घाम पुसला. "बाबा, उद्या कोणी दारू पिऊन पडला तरी मीच का?"

"दारू त्याची, जोड तुझा. तोल गेला तर तो, जोड गेला तर तू."

"मला झोप नाही लागायची हो!"

"मला तरी कुठं लागत होती? म्हणून तर जोड पक्के बसायचे."

५. माझा हातोडा आणि वेल्डिंगचा मुखवटा लेकीला, कारखाना कोणाचाही होवो. तिनं ठोकून बाद केलेली शिडी दाराबाहेर जाणार नाही. यावर थोरल्यानं तोंड उघडू नये, इंग्रजीत तर मुळीच नाही.

६. माझ्यामागे कोणी 'कधीही भरून न येणारी हानी' असं भाषण करू नये. भरून कोण देणार, हा प्रश्न आमच्या घरात आधीच फार गाजलेला आहे.

यापूर्वी मी काही लिहून ठेवलेलं सापडलंच, तर ते रद्दीत घालावं. हेच शेवटचं.

साक्षीदार :
१. रंगारी, सही. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये म्हणतात. त्याचं देणं मी आधीच चुकतं केलं आहे.)
२. शेजारचा कुलूपवाला, अंगठा. सही येते, पण चष्मा घरी राहिला.

स्थळ : कारखान्याचं ऑफिस. दिनांक : जावयाच्या शिक्क्यात आहे तो.

सही : शिडीवाला

कलम ४ ची सही : थोरला मुलगा. सही इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. पण सगळी अक्षरं थरथरलेली दिसतात, म्हणजे शब्दाचा अर्थ त्याला आज कळला. कारखाना त्याचा.