घरातलंच कुणीतरी

प्रिय ठकू,

परवा तू फोनवर एवढं बोललीस आणि मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला, त्याचा अर्थ तू काय लावलास कोण जाणे. तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे थेट बाबांशी बोलणं; समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तुमचं उत्तर तयार. म्हणून आज कागद घेऊन बसले. इथे तरी तुला मधे तोंड घालता येणार नाही. जन्मभर मी तोंडात टाचण्या धरून शिवत बसले आणि बोलायचं खातं बाबांकडे सोपवलं, तेव्हा लिहिताना कुठे अडखळले तर सांभाळून घे.

घर आता शांत आहे. मावशीही काल तिच्या घरी परतली. तिच्या सुनेचे दिवस भरत आलेत, किती दिवस तिला धरून ठेवणार? पुढच्या खोलीत अर्ध्या भागात बाबांचं चष्म्याचं दुकान आणि अर्ध्यात माझं मशीन, तसंच आहे सगळं. शिवताना मान वर केली की समोर त्यांचा अक्षरांचा तक्ता येतो. इतकी वर्षं बघून बघून मला त्यातली शेवटची बारीक ओळसुद्धा पाठ झाली, म्हणून तर माझा नंबर कधी नीट निघाला नाही. मी घडाघडा म्हणून दाखवायचे आणि ते चिडायचे, की अगं वाच, म्हणू नकोस. काल उगाच मोठ्याने म्हणून पाहिली. चिडायला कुणी नव्हतं. मग मशीनवर डोकं ठेवून खूप रडले.

दाराशी पोलीस बसवलाय. येणाऱ्याला तो नाव विचारतो, पिशवी उघडायला लावतो, त्यामुळे कपडे टाकणाऱ्या बायका लांबूनच हात करून पुढे जातात. त्याचाही काय दोष? दिवसभर खुर्चीत बसून बसून बिचाऱ्याचं पोट वाढलंय. काल मीच त्याच्या पँटची कंबर सैल करून दिली. आठवड्यात तेवढंच एक गिऱ्हाईक.

तुला सगळे सांगतात की बाबांनी हलगर्जीपणा केला. तसं नव्हतं गं. जुना बाजार पाडून ती जागा बिल्डरच्या घशात घालू देणार नाही, एवढं म्हणून ते नगराध्यक्षपदाला उभे राहिले आणि धमक्या सुरू झाल्या. पोलिसांनी गोळी अडवणारं जाकीट आणून दिलं. ते घातलं की सदऱ्याची बटणं लागेनात, म्हणून मी त्यांचे सगळे सदरे बाजूंनी उसवून सैल केले. लोक म्हणतील निवडून यायच्या आधीच खायला लागला, अशी त्यांची कुरकुर. तरी घालत होते. मग एके दिवशी प्रचार अर्धवट सोडून घरी आले. भाजीवाल्या म्हातारीने नेहमीसारखी मिठी मारली, तर तिच्या हाताला ते कडक लागलं. तिने छातीवर टकटक केलं आणि म्हणाली, "काय रे बाबा, आमच्याकडे यायचं तर चिलखत घालून?" ते फार लागलं त्यांना. ज्यांच्याकडे मत मागायचं त्यांनाच घाबरायचं, हे काही मला जमायचं नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाकीट खुर्चीवर ठेवलं आणि निघाले. मी दार अडवून भांडले. तुला ठाऊक आहे ते कसे हसायचे. तसेच हसले, माझा हात बाजूला केला आणि गेले. भर दुपारी, भाजीच्या गाळ्यांमधे, सगळ्यांच्या देखत झालं. ते जाकीट पोलीस नंतर परत घेऊन गेले. सरकारी वस्तू आहे म्हणाले, पोचपावतीवर माझी सही घेतली.

मारणारा अजून सापडलेला नाही. तोंडाला फडकं होतं, डोळ्यांवर चष्मा होता, एवढंच सगळे सांगतात. आता आपल्या गावात चष्मा म्हणजे बाबांच्याच हातचा. बाहेर पडले की मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, नाकावरची फ्रेम बघते. पाठीवर हात ठेवून धीर देणाऱ्यांचीही बघते आणि मग माझी मलाच लाज वाटते. रिकामं घर मी सोसलं असतं, ठकू. पण ज्या गावात डोळे मिटून चालले असते, तिथे आता कुणाला पाठ दाखवायची हिंमत होत नाही. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

मतदान पुढे ढकललंय आणि पक्षाला नवा उमेदवार द्यायला मुदत मिळालीय. पक्षाचे अध्यक्ष, ज्यांना आपण घरात 'गोडबोल्या' म्हणतो ते, येऊन बसले. सहानुभूतीची लाट आहे वहिनी, म्हणाले, घरातलंच कुणीतरी हवं. हे म्हणताना त्यांची नजर भिंतीवरच्या तुझ्या फोटोवर होती. मी समोरच बसले होते, चहाचा कपही मीच त्यांच्या हातात दिला होता, पण घरातलं कुणीतरी म्हणून मी त्यांच्या डोक्यातही आले नाही. आणि त्याच संध्याकाळी तुझा तो फोन. नोकरी सोडते, रविवारच्या गाडीने येते, मीच उभी राहणार.

तू जिंकशील, यात मला तिळमात्र शंका नाही. बाबांची जीभ तुला आलीय, हट्टही आलाय. आणि माणूस दिसलं की गळ्यात पडायची खोडही आलीय. तुलाही ते तसलं जाकीट देतील. तू चार दिवस घालशील. पाचव्या दिवशी कुणीतरी काहीतरी बोलेल, आणि तू माझा हात बाजूला करून हसत निघून जाशील. मी तुला ओळखून आहे.

म्हणून हे पत्र. आज सकाळी मी निवडणूक कार्यालयात जाऊन अर्ज भरून आले. पक्षाच्या सहीशिक्क्यासह भरलाय, त्यामुळे तुझी वाट आता बंद. गोडबोल्या आधी गडबडले, मग त्यांचा चेहरा खुलला. बायको म्हणजे तर लाट आणखीच मोठी, असं काहीसं म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली. घरातलंच कुणीतरी हवं होतं, घरात मी होते. तू चिडशील, माझ्याशी बोलणार नाहीस, ते चालेल. तू यावंस, शेजारी झोपावंस, असं मला फार वाटतं. तरी येऊ नकोस. हे हाती पडेल तेव्हा तू बॅग भरत असशील. सगळे कपडे बाहेर काढ, घड्या घालून कपाटात परत ठेव, आणि सोमवारी कामावर जा.

तुझीच, तुझ्यावर पहिल्यांदाच कुरघोडी केलेली,
आई