उजवा पाय फार गुणी

३ जानेवारी
डावा घोटा पुन्हा सुजला. आमवात! नुसता ठणकतोय. उजवा पाय मात्र गुणी — हूं नाही की चूं नाही. गोळ्या घेतल्या की डावा निवतो आणि साखर चढते. साखरेपायी फुफू, आमचा कसाव्याचा मऊ गोळा, बंद. चार गावांचा राजा मी, आणि ताटात कोबी!

५ जानेवारी
कुमासी शहरात, दवाखान्यात. राजाने परक्याशी थेट बोलायचं नाही, म्हणून माझ्या वतीने बोलणारा क्वार्तेंग बरोबर, सोनेरी मुठीची काठी घेऊन. डॉक्टर सेलोर्मबाईंनी विचारलं, "दुखतं कुठे?" क्वार्तेंग उभा राहिला (आमच्याकडे राजाला नाना म्हणतात) — "नानांच्या डाव्या मुलखात बंड झालंय."

"बरं. मुलखाला चपला काढायला सांगा."

सोबतचे पंच हादरलेच! अनवाणी पाय जमिनीला लागला की गादी गेली. शेवटी फरशीवर मेंढीचं कातडं अंथरलं.

बाईंनी डावा सोडून उजवाच उचलला. "अहो, तो शहाणा आहे," मी थेट बोलून गेलो. क्वार्तेंग रुसला. अंगठ्याखाली भोक, आत चपलेचा खिळा! किती दिवसांपासून? मला काय ठाऊक! दुखलंच नाही.

"डाव्यात आमवात, उजव्यात साखरेने आलेला बधिरपणा — असा माणूस क्वचितच येतो," बाई म्हणाल्या. मला उगीच अभिमान वाटला. मग म्हणाल्या, "अंगठा काढावा लागेल. या आठवड्यात. नाहीतर पाय. नाहीतर तुम्हीच."

८ जानेवारी
पंचांची सभा. ज्याचं अंग अपुरं, त्याला गादी नाही. म्हणजे अंगठा गेला की मीही गेलो. म्हातारा बोआटेंग म्हणतो, अंगठा बरणीत घालून गादीशेजारी ठेवू, मग कमी काय पडलं? त्या बरणीवर राजछत्री धरायची का, यावर तीन तास! मीही मान डोलावत होतो. लाज वाटते. पण गादी सोडवत नाही.

शेवटी राणीआई, म्हणजे माझी मावशी, कडाडली — "मेल्यांनो, त्या अंगठ्यालाच बसवा गादीवर! माझं पोर मला परत द्या!"

९ जानेवारी
ताप. अंगठा काळा पडला. सभा तहकूब — बरणी काचेची की मातीची, ते ठरेना.

१० जानेवारी
अंगणात सगळे जमले होते. क्वार्तेंग तोंड उघडणार, तेवढ्यात म्हटलं, "राहू दे." चपला काढल्या आणि गादीवरून खाली उतरलो. अकरा वर्षांनी माती! डाव्याला गार लागली, खडे टोचले. किती बरं वाटलं!

उजव्याला काहीच कळलं नाही.