गुरुवारची वाट पाहू नका

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
नवी वही. पहिल्याच पानावर संकल्प. एक : संशय घ्यायचा नाही. दोन : बायकोशी रोज अर्धा तास गोड बोलायचं. तीन : ब्रदर हा विषय डोक्यातून काढून टाकायचा.
आठवीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन सुटलं नाही. पाट्या रंगवून पोट भरतो. आजवर माझ्या एकाही पाटीत चूक निघालेली नाही. संकल्पही तीनदा तपासले. चूक नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार.
ब्रदर कोण ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा विचार करायला नको. प्रसूतिगृहातला पुरुष नर्स. लहानथोर सगळे त्याला ब्रदर म्हणतात. नुसतं म्हटल्याने कोणी कोणाचा भाऊ होत नाही. उंच आहे. दात एकसारखे. बायकोचं बीपी तोच घेतो. म्हणजे दंडाला पट्टा गुंडाळतो, मनगट हातात धरतो आणि मग एक मिनिट कोणी काही बोलायचं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, आमच्या दोघांत असं एक मिनिट अजून आलेलं नाही.
तिला आठवा महिना लागलाय. बीपी काठावर आहे, दर गुरुवारी दाखवून जा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणे. मी चौकशी केली. बाकीच्यांना पंधरा दिवसांनी बोलावतात. हिलाच दर गुरुवारी.
असो. संकल्प तीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
सोबत गेलो. सहज. काटा बघून ब्रदर काहीतरी बोलला आणि ही हसली. रस्त्यात विचारलं, काय म्हणाला? म्हणाली, वजनाचं होतं. विचारलं, वजनात हसण्यासारखं काय असतं? म्हणाली, तू उभा राहा काट्यावर, मग सांगते.
एक चांगलं झालं. डॉक्टरबाईंना कॉरिडॉरच्या भिंतीवर मोठा बोर्ड रंगवून हवाय. मी लगेच हो म्हटलं. ती भिंत बीपीच्या खोलीसमोरच आहे. शिडीवरून दार सरळ दिसतं. पण त्यासाठी हो म्हटलेलं नाही. काम म्हणजे काम.

९ फेब्रुवारी, सोमवार.
भिंत घासली, प्रायमर मारला. डॉक्टरबाईंनी मजकुराचा कागद दिला. गरोदर बायकांसाठी काहीतरी सूचना आहेत. वर मथळा, खाली सात कलमं, शेवटी एक ओळ आणि फोन नंबर. नीट वाचून घ्या, असं दोनदा म्हणाल्या. मी नुसता हसलो. आमच्या वस्तादांचा नियम त्यांना काय सांगणार? वाचायचं नाही, बघायचं. वाचायला लागलं की मन पुढे पळतं आणि हात अक्षर गाळतो. म्हणून एकेक अक्षर चित्रासारखं उतरवायचं, आणि झाल्यावर शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे उलटं तपासत यायचं. बारा वर्षं हा नियम पाळतोय. एवढ्या पाट्या रंगवल्या, कशावर काय होतं ते विचाराल तर सांगता यायचं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
बोटात अंगठी नाही. लग्नातली. मी दिलेली.
विचारलं. म्हणाली, बोटं सुजलीयत, घट्ट होतेय, साबण लावून काढली. दोन वर्षं घट्ट झाली नाही, आताच बरी झाली.
मी काही बोललो नाही. फक्त जेवलो नाही. तिच्या लक्षात आलं नाही, तेव्हा चार वाजता जेवलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
शिडीवर होतो. मथळ्याची शिरोरेषा ओढत होतो. तपासून झाल्यावर ब्रदर हिला दारापर्यंत सोडायला आला आणि बोटांवर काहीतरी मोजून दाखवलं. सात बोटं. मग एक नंबर सांगितला, तो हिने फोनमध्ये घातला.
सात. सात वाजता?
रंग तसाच सोडून घरी आलो. पावणेसातपासून दाराशी उभा. सात वाजता ही पाय उशीवर ठेवून झोपली. सव्वासातला घोरायला लागली. उद्याचे सात असतील.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
सात वाजता पुन्हा झोपली. मुरलेली आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
सकाळी उठली तर डोळे सुजलेले. गालही. रडली असणार. मी कालपासून एक शब्द वावगा बोललेलो नाही, म्हणजे माझ्यासाठी नाही रडली. मग कोणासाठी? विचारलं. म्हणाली, रडले नाही, आरशात बघून मलाच कळेना हे कोणाचं तोंड. बाहेर जाताना माझ्या चपला घालून गेली. तिच्या होत नाहीत म्हणे. निदान चपला तरी माझ्या.
सासूबाई आल्या होत्या. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, त्यामुळे येतात. म्हणाल्या, जावईबापू, पोरीचं तोंड बघितलंत का? मी म्हटलं, मी सगळं बघतोय. म्हणाल्या, बघताय कुठे, तुम्ही तर शिडीवरचे शहाणे.
बोर्डाची तीन कलमं झाली. तिसऱ्यात ‘सूज’ फार सुंदर उतरलंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री १०.
आज एक गोष्ट केली. वाईट नाही. घराच्या भल्यासाठी.
ही तपासणीला निघाली तेव्हा म्हटलं, ब्रदर रजेवर आहे, आज बीपी कोणी घेणार नाही, पुढच्या गुरुवारी जा. म्हणाली, सिस्टर असेल की. म्हटलं, सिस्टरही रजेवर. म्हणाली, दोघं एकदम? मी नुसते खांदे उडवले. ‘दोघं एकदम’ हे तीच बोलली, मी नाही.
घरी राहिली. वाईट वाटलं असणार तिला. ते बघून मला वाईट वाटलं.
प्रसूतिगृहात ब्रदरने विचारलं, आज ताई आल्या नाहीत? ताई म्हणे. सांगितलं, बरी आहे, अगदी ठणठणीत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
डोकं दुखतंय म्हणते. गोळी घेतली तरी थांबत नाही. अर्धा तास गोड बोलायला बसलो (संकल्प दोन), तर म्हणाली, अरे, जरा गप्प बसशील का, शब्द डोक्यात आपटतात. ब्रदरसमोर एक मिनिट गप्प बसते तेव्हा डोकं दुखत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
ती अंघोळीला गेली असताना फोन टेबलावर होता. मी बघायचं म्हणून बघितला नाही. उचलला तेव्हा दिसलं. ‘ब्रदर’. काढून टाकला. दोन सेकंदांचं काम. मन हलकं झालं. आजपासून खरंच संशय घ्यायचा नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार.
शिलाई मशीनवर बसली होती. सुईत दोरा जाईना. चारदा थुंकी लावली, मग मला म्हणाली, ओवून दे, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. जी बाई अंधारात सुई ओवते! प्रेमात पडलं की असं चमचमतं, हे मला कोणी शिकवायला नको. लग्नाआधी मलाही व्हायचं. तिला पत्र टाकायला गेलो आणि पेटीऐवजी खांबावर आपटलो होतो.
दोरा ओवून दिला. पहिल्या फटक्यात गेला.

२३ फेब्रुवारी, सोमवार.
उजव्या बरगडीखाली हात दाबून बसते. म्हणते, इथे कोणी मूठ आवळल्यासारखं होतंय. हृदय डावीकडे असतं, हे तिला माहीत नसावं.
पुरे झालं. उद्या सोक्षमोक्ष. पुरावे कागदावर उतरवले, तारखांसकट :

पुरावे (ब्रदर प्रकरण)
१. अंगठी काढली. म्हणे बोटं सुजली. १० फेब्रु.
२. सात बोटांची खूण. १२ फेब्रु.
३. सकाळी डोळे, गाल सुजलेले. रोज. १६ फेब्रु. पासून.
४. डोकेदुखीचं निमित्त. गोळीने थांबत नाही. २० फेब्रु. पासून.
५. डोळ्यांपुढे काजवे. सुई दिसत नाही. २२ फेब्रु.
६. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणते. २३ फेब्रु.
७. दोन जिने चढली की धाप. पूर्वी गात चढायची.

सात झाले. योगायोग.
उलटं तपासलं. चूक नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.४०.
बोर्ड संपला. शेवटचा नंबरही झाला. शिडीवरून उतरलो, ब्रदरला बीपीच्या खोलीत गाठलं, दार लावलं आणि कागद पुढे केला. म्हटलं, मला सगळं माहीत आहे.
त्याने वाचला. पहिल्या ओळीवर भुवया वर गेल्या. तिसऱ्या ओळीला खुर्चीवरून उठला. शेवटी तोंड पांढरंफटक. चोराच्या मनात चांदणं ते हेच.
विचारलं त्याने, ती आत्ता कुठे आहे? म्हटलं, तुला कशाला हवंय? त्याने माझी कॉलर धरली.
ड्रायव्हरला बोलावतोय. अॅम्ब्युलन्सच्या. मी बाकावर बसून हे लिहितोय. बहुतेक पळून जाणार. जिंकलो

दुपारी ३.
तो पळून गेला नाही. मला ओढत गाडीत घातलं.
ती मशीनशेजारी जमिनीवर होती. सासूबाई तिचं कपाळ धरून. सासूबाईंना हिनेच कसाबसा फोन केला होता. हातात अजून फोन होता. सासूबाई म्हणाल्या, मघापासून म्हणतेय, नंबर होता, नंबर इथेच होता.
वाटेत ब्रदरने पट्टा गुंडाळला. एक मिनिट. कोणी काही बोललं नाही. १७० वर ११०, असं त्याने ओरडून ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरला का सांगितलं कळेना. मग कळलं. गाडी उडायला लागली.
आत नेलं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलंय. मला कॉरिडॉरमध्ये बसवलं. समोर माझी भिंत.
दुसरीकडे बघायला काही नव्हतं. वाचलं.

गरोदरपणातील धोक्याची लक्षणे
१. न थांबणारी डोकेदुखी
२. डोळ्यांपुढे काजवे, अंधारी येणे
३. चेहरा व हातांवर अचानक सूज
४. उजव्या बरगडीखाली दुखणे
५. वजन एकदम वाढणे
६. धाप लागणे
७. लघवी कमी होणे
एकही लक्षण दिसल्यास गुरुवारची वाट पाहू नका. लगेच फोन करा.

खाली नंबर. सहा इंची आकडे, लाल. तोच. जो मी शनिवारी काढून टाकला. दवाखान्याचाच फोन. ज्याची पाळी असेल तो उचलतो.
पाचवं कलम माझ्या यादीत नाही; वजनाचं तिने सांगितलं होतं, मी हसणंच धरून बसलो. सातवंही नाही. ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी ६.
मुलगी. सिझेरियन. एक किलो नऊशे. काचेच्या पेटीत ठेवलीय. बायकोचं बीपी अजून वरच आहे. उद्यापर्यंत काही सांगत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.
संकल्प नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
बीपी उतरतंय. आज दोन घोट पाणी प्यायली.
डॉक्टरबाई राउंडला आल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, नवरा असावा तर असा, एकेक लक्षण तारखेसकट टिपून ठेवलं, त्या कागदामुळे आमचा वेळ वाचला, फक्त चार दिवस आधी आणायला हवा होता. कागद केस-पेपरला टाचलाय. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि जावईबापू म्हणाल्या. पहिल्यांदाच टोमणा न मारता.
मी मान खाली घातली. विनयाने, असं सगळ्यांना वाटलं. थोडं मलाही वाटलं.
नंतर जाऊन बघितलं. कागद टाचताना कोणीतरी ‘पुरावे’ ही मथळ्याची ओळ मागे दुमडलीय. नीट, नखाने घडी घालून. ब्रदरच. एवढा चांगुलपणा दाखवायची काय गरज होती त्याला? जरा राग आला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
मुलीने बोट घट्ट धरलं. ब्रदरचं. मी पेटीच्या दुसऱ्या बाजूला होतो.
विचार केला. तसं मीच वाचवलं म्हणायचं. वेगळ्या कारणाने लिहिलं, पण लिहिलं ना? दुसऱ्या नवऱ्यांनी लक्ष तरी दिलं असतं का? संशय म्हणजे एक प्रकारची काळजीच. हे बायकोला सावकाश समजावून सांगेन. ती उठून बसली की.

१ मार्च, रविवार. सकाळी ९.
उठून बसली.
सिस्टरकडून केस-पेपर मागून घेतले. म्हणाली, सगळे तुझ्या यादीचं कौतुक करतायत, मला तरी बघू दे. मी म्हटलं, आत्ताच कशाला, डोळ्यांना ताण पडेल. म्हणाली, आता स्वच्छ दिसतंय.
घडी उलगडली. मथळा वाचला. मग एक ते सात. सावकाश, वरून खाली. मी वाट बघत होतो की ओरडेल, रडेल, सासूबाईंना हाक मारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.
माझ्या खिशातला पेन मागितला. खाली काहीतरी लिहिलं आणि कागद, पेन दोन्ही माझ्या हातात दिले. मग पेटीतल्या मुलीला बघायला घेऊन चला, असं सिस्टरला म्हणाली. मला नाही.
तिच्या अक्षरात आहे :
८. फोनमधला नंबर काढला. तारीख :
पुढची जागा रिकामी सोडलीय.
भरली. २१ फेब्रु.
मग शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे उलटं तपासलं. चूक नाही.
मग एकदा वाचलं.