धक्क्यापर्यंत न पोचलेली युद्धनौका

अक्ताऊ, शुक्रवार

सन्माननीय तोलेउबाय मामांना भाचा ओरिनबासरचा आदरपूर्वक सलाम.

तुमची जनावरं आणि माणसं, दोन्ही खुशाल आहेत ना? (रीतीप्रमाणे आधी जनावरंच विचारली. मी शहरात राहून रीत विसरलो, असं आई म्हणते.) मामींचा गुडघा कसा आहे? सांडणी व्याली का? माझी तब्येत ठीक आहे. अब्रूचं पुढे लिहितो.

आपल्या नौदलासाठी नव्या युद्धनौका कशा असाव्यात, हे ठरवणाऱ्या समितीवर मला घेतलं होतं. (वीस वर्षं नोकरी करूनही लाटा उठल्या की मी ओकतो, हे समितीला माहीत नव्हतं.) मी असा हुरळलो की विचारू नका. तोफा वाढवा, रडार उंच करा, खलाशांना चहाचा मोठा सामोवार द्या! मी मागत गेलो आणि नौका जड होत गेली. अखेर तिचा चार मीटर भाग पाण्याखाली राहणार, असं ठरलं. तेव्हा पाण्याची खोली मोजणाऱ्या विभागातली राउशान नावाची लेफ्टनंट माझ्याकडे आली. माझ्या थोरलीच्याच वयाची. म्हणाली, "साहेब, समुद्र दरवर्षी मागे हटतोय. नौका येईपर्यंत धक्क्यापाशी एवढं पाणी उरणार नाही." मी म्हणालो, "पोरी, समुद्र म्हणजे काय बादली आहे, आटायला?" आणि तिच्या अहवालावर 'अनावश्यक काळजी' असा शेरा मारून झोकात सही ठोकली.

या मंगळवारी पहिली नौका आली. धक्क्यावर बँड, अधिकाऱ्यांच्या बायका, तळलेल्या बाउरसाकांची ताटं. मी कप्तानाच्या शेजारी. तो म्हणाला, "साहेब, पाणी कमी वाटतंय." मी म्हणालो, "चला हो पुढे, नकाशात आहे पाणी!" (नकाशा माझ्या लग्नाच्या आधीचा.) धक्का तीनशे पावलांवर असताना उंट बसतो तशी नौका सावकाश चिखलात बसली. बँडवाल्यांना थांबायला कोणी सांगितलं नाही. मीही सलाम ठोकून तसाच उभा. हात खाली घेतला तर पुढे काय करायचं, हे सुचत नव्हतं. पाऊण तासाने दुसऱ्या जहाजाने आम्हाला ओढून खोल पाण्यात नेलं.

बुधवारी चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "खोली कोणी मोजली होती?" सगळ्यांच्या नजरा राउशानकडे. मामा, तुमच्यापासून काय लपवू, क्षणभर मीही तिच्याकडेच पाहिलं. तिचे कान लाल झाले. मग माझ्याने बसवेना. मी पिशवीतून तिचा अहवाल काढला. म्हणालो, "हिनेच मोजली आणि बरोबर मोजली. शेरा माझा आहे." साहेबांनी तो शेरा मोठ्याने वाचला. दोनदा.

समितीतून मला काढलंय. दुसऱ्या नौकेचं काम आता राउशान पाहील, मी तिच्या फायली उचलीन. (ही शिक्षा नव्हे, मीच मागून घेतलं.)

तुमचा आज्ञाधारक,
ओरिनबासर

ता.क. : बारा तारखेला मंत्री नव्या नौकेवर झेंडा फडकवणार आहेत. त्यांना तिथवर न्यायला आमची लहान बोटही त्या चिखलावरून जात नाही (तीही मीच निवडली होती). तुमची सपाट बुडाची मासेमारीची नाव मिळेल का? जमलं तर धुऊन आणा.

ता.क. २ : राउशान म्हणते, ती मोजणीला आली तेव्हा पाणी कुठवर हटलं हे तिला तुम्हीच वस्तीवर दाखवलं होतं. मग मामा, मला का नाही हो सांगितलंत?

ता.क. ३ : आईला विचारलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणे, नौरिझच्या सणाच्या जेवणात, दोनदा. मी तेव्हा तोफांचं वर्णन करत होतो.